पर्लमधून एलडॅप स्कीमा कसा वाचायचा: नोंदी भरण्याआधीच्या सात पायऱ्या

एलडॅप डिरेक्टरीत (माणसं, खाती यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरवर) माणसं भरायची स्क्रिप्ट लिहिली, पहिल्या वीसेक नोंदी सुरळीत गेल्या आणि मग एरर ६५ (नोंद नियमांत बसत नाही) आली. किंवा २१ (व्हॅल्यूचं रूप चुकीचं). स्क्रिप्ट अर्ध्यावर थांबली, निम्मी माणसं आत आणि निम्मी बाहेर. बहुतेक जण मग गेल्या वेळच्या नोंदीत काय होतं ते पाहून एकेक ॲट्रिब्यूट (नोंदीतला रकाना) वाढवत बसतात. त्याची गरज नाही. कोणत्या नोंदीत काय हवंच, काय चालेल आणि काय चालणार नाही, हे सगळं सर्व्हर स्वतः स्कीमात, म्हणजे नोंदींच्या नियमावलीत, लिहून ठेवतो. ते योग्य जागी आणि योग्य क्रमाने विचारावं लागतं, आणि लोक चुकतात ते नेमकं तिथेच.

हा लेख पर्ल आणि तिच्या नेट-एलडॅप मॉड्यूलबद्दल आहे. मेथडची आणि ॲट्रिब्यूटची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोड टाइप करताना स्पेलिंग मॉड्यूलच्या दस्तऐवजातून घ्या.

## तयारी

स्क्रिप्टची पहिली ओळ लिहिण्याआधी चार गोष्टी हाताशी असू द्या.

पहिली, मॉड्यूल. डेबियन आणि उबंटूवर पॅकेजचं नाव लिब-नेट-एलडॅप-पर्ल, फेडोरा आणि रेड हॅटवर पर्ल-एलडॅप. सीपॅनवरून (पर्ल मॉड्यूलांच्या भांडारातून) घेतलं तरी चालतं, पण शक्य असेल तिथे सिस्टिमचंच पॅकेज वापरा, म्हणजे अपडेट आपोआप येतात.

दुसरी, सर्व्हर कोणता आहे याची खात्री. ओपनएलडॅप, ३८९ डिरेक्टरी सर्व्हर आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी, तिघेही स्कीमा देतात, पण प्रत्येकाची जागा वेगळी आणि सवयी वेगळ्या.

तिसरी, वाचण्याचा अधिकार असलेलं खातं. स्कीमा निनावी जोडणीलाही दिसेल असं गृहीत धरू नका. काही ठिकाणी दिसतो, काही ठिकाणी ॲक्सेसच्या नियमांनी झाकलेला असतो.

चौथी, चाचणीचा सर्व्हर आणि जुन्या, चालणाऱ्या दोन-तीन नोंदींची एलडिफ (नोंदी साध्या मजकुरात लिहिण्याची पद्धत) प्रत. पुढे आपला तपासणीचा कोड बरोबर आहे का हे याच नोंदींवर कळणार आहे, म्हणून ही प्रत आधीच काढून ठेवा.

## पायरी १: जोडणी करा, आणि बाइंड खरंच झालं का ते पाहा

नेट-एलडॅपचा ऑब्जेक्ट तयार करा, ३८९ पोर्टवर स्टार्ट टीएलएस करा किंवा थेट ६३६ वापरा, आणि बाइंड करा, म्हणजे खात्याने लॉगिन करा. इथे फार थांबण्यासारखं काही नाही. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा निसटते: बाइंड अपयशी ठरलं तरी स्क्रिप्ट मरत नाही. मेथड एक मेसेज ऑब्जेक्ट परत देते आणि त्याचा कोड तपासणं आपल्यावर असतं. तो तपासला नाही तर पुढचा सगळा कारभार निनावी चालतो आणि 'स्कीमा रिकामा का येतोय' यात दुपार जाते.

तपासणी: बाइंडनंतर कोड शून्य आहे का? नसेल तर एरर छापा आणि तिथेच थांबा.

सावधान: पासवर्ड फाइलमधून किंवा एन्व्हायर्नमेंटमधून घेत असाल तर तो रिकामा नाही ना हे आधी पाहा. डीएन (नोंदीचा पूर्ण पत्ता) आहे पण पासवर्ड रिकामा, असं बाइंड ओपनएलडॅप मुळातच नाकारतो. काही सर्व्हर मात्र ते स्वीकारतात आणि तुम्हाला निनावी ठरवून पुढे जाऊ देतात.

मराठी नावांसाठी आणखी एक. ऑब्जेक्ट तयार करतानाच 'रॉ' हा पर्याय द्या आणि त्यात फोटो, सर्टिफिकेट अशा बायनरी ॲट्रिब्यूटांचा पॅटर्न लिहा. मग सर्च केल्यावर बाकीच्या सगळ्या व्हॅल्यू पर्लच्या यूटीएफ-८ स्ट्रिंग म्हणून मिळतात. हा पर्याय दिला नाही तर हाती नुसते बाइट येतात, आणि 'मीरा' या चार अक्षरचिन्हांची लांबी पर्ल बारा सांगते.

## पायरी २: स्कीमा कुठे आहे ते सर्व्हरलाच विचारा

स्कीमाचा पत्ता स्क्रिप्टमध्ये ठोकून बसवू नका. ओपनएलडॅपमध्ये तो 'सीएन=सबस्कीमा' असतो, ३८९ मध्ये 'सीएन=स्कीमा', आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीत 'सीएन=ॲग्रिगेट' ही नोंद स्कीमा आणि कॉन्फिगरेशनच्या खाली, डोमेनच्या डीएनसकट लांबलचक लिहावी लागते. एका सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्ट दुसरीकडे नेली की ३२ नंबरची एरर येते, म्हणजे अशी नोंदच नाही.

योग्य रीत अशी:

१. रूट डीएसई, म्हणजे सर्व्हर स्वतःबद्दलची माहिती देतो ती नोंद, वाचा. बेस रिकामी स्ट्रिंग, स्कोप 'बेस' (फक्त तीच नोंद), फिल्टर 'ऑब्जेक्टक्लास=*'.

२. त्यात 'सबस्कीमासबएन्ट्री' हे ॲट्रिब्यूट नाव घेऊन मागा. ते ऑपरेशनल ॲट्रिब्यूट आहे, म्हणजे सर्व्हर स्वतः ठेवतो असं. नुसता तारा दिला तर ऑपरेशनल ॲट्रिब्यूट येत नाहीत. ते नावाने मागावे लागतात, किंवा सर्व्हरला समजत असेल तर अधिकचं चिन्ह द्यावं लागतं.

३. आलेली व्हॅल्यू जशीच्या तशी छापून पाहा.

रूट डीएसईवर 'सब' (खालची सगळी शाखा) स्कोप लावणं ही नेहमीची चूक. रिकाम्या बेसवर 'सब' म्हणजे वेगळाच सर्च. त्यातून रूट डीएसई मिळणार नाही.

एकाच सर्व्हरवर दोन वेगळी नेमिंग कॉन्टेक्स्ट (नोंदींची स्वतंत्र झाडं) असतील, तर दोन्हींचा स्कीमा एकच असेल असं नाही. अशा वेळी ज्या शाखेत नोंद भरायची आहे तिथल्याच एखाद्या नोंदीचं 'सबस्कीमासबएन्ट्री' वाचा आणि पुढच्या पायरीत तो डीएन द्या.

## पायरी ३: स्कीमा उतरवून घ्या

नेट-एलडॅपच्या ऑब्जेक्टवर 'स्कीमा' मेथड बोलावली की मागची पायरी ती स्वतःच करते, हव्या त्या नोंदीवर बेस स्कोपने 'ऑब्जेक्टक्लास=सबस्कीमा' या फिल्टरने सर्च करते आणि नेट-एलडॅप-स्कीमा या जातीचा ऑब्जेक्ट हाती देते. मग पायरी २ हाताने का करायची? कारण मेथड फसली तर ती फक्त अनडेफ (पर्लमधलं 'काहीच नाही') देते. का फसली हे सांगत नाही. पत्ता आधी डोळ्यांनी पाहिलेला असला की गडबड पत्त्यात आहे की अधिकारात, हे लगेच कळतं.

तपासणी: ऑब्जेक्ट मिळाला म्हणजे झालं असं नाही. 'ऑल ऑब्जेक्टक्लासेस' आणि 'ऑल ॲट्रिब्यूट्स' या दोन मेथडनी किती गोष्टी येतात ते मोजा. एकही आली नाही तर अधिकार तपासा. 'टॉप' आणि 'पर्सन' हे क्लास (नोंदींचे प्रकार) नावाने मागून पाहा. ते दोन्ही मिळाले की पुढे चला.

स्कीमा फाइलमधून वाचता येतो का? येतो. 'पार्स' मेथडला एलडिफ फाइलचं नाव देता येतं. पण इथे दोन खड्डे आहेत आणि दोन्हींत माणसं पडतात.

ओपनएलडॅपच्या स्कीमा फोल्डरमधल्या, डॉट स्कीमा अशा शेवटाच्या फाइली एलडिफ नसतात. त्या सर्व्हरच्या जुन्या कॉन्फिगरेशन पद्धतीतल्या आहेत आणि 'पार्स' त्यांना ओळखत नाही. त्याच फोल्डरमधल्या एलडिफ फाइलीही उपयोगाच्या नाहीत. त्यात ॲट्रिब्यूटांची नावं 'ओएलसी' या तीन अक्षरांनी सुरू होतात, म्हणजे 'ॲट्रिब्यूटटाइप्स'ऐवजी 'ओएलसीॲट्रिब्यूटटाइप्स'. मॉड्यूल ते नाव शोधतच नाही, त्यामुळे हाती काहीच लागत नाही. 'सीएन=स्कीमा,सीएन=कॉन्फिग' ही शाखा वाचायला जाणाऱ्यांचंही हेच होतं. ती सर्व्हरची कॉन्फिगरेशन आहे. क्लायंटसाठी प्रसिद्ध केलेला स्कीमा 'सीएन=सबस्कीमा'मध्येच.

फाइल हवीच असेल तर पायरी ३ एकदा चालत्या सर्व्हरवर करा आणि 'डम्प' मेथडने ती लिहून घ्या. ती फाइल पुढे 'पार्स'ला चालते.

सावधान: स्कीमाच्या ओळी स्वतःच्या रेग्युलर एक्स्प्रेशनने तोडायला जाऊ नका. एक नाव असेल तर कंस नसतो, दोन असतील तर असतो. यादीत मधे डॉलरचं चिन्ह असतं. वर्णनाच्या अवतरणातही कंस येऊ शकतात. शिवाय एलडिफमध्ये लांब ओळ मोडून पुढची ओळ एका स्पेसने सुरू होते, त्यामुळे ग्रेप केलं की अर्धीच व्याख्या हाती येते.

## पायरी ४: क्लास विचारा, पण वरपर्यंत चढून

ही पायरी सगळ्यात जास्त चुकते, म्हणून सावकाश.

माणसांसाठी बहुतेक ठिकाणी 'आयनेटऑर्गपर्सन' हा क्लास वापरतात. 'ऑब्जेक्टक्लास' मेथडला हे नाव दिलं की एक हॅश (किल्ली आणि व्हॅल्यूंच्या जोड्या) मिळतो. त्यात नाव, ओआयडी (ठिपक्यांनी जोडलेल्या आकड्यांचा ओळखक्रमांक), वरचा क्लास, 'मस्ट' (हवंच ते) आणि 'मे' (चालेल ते) अशा किल्ल्या असतात. आता 'मस्ट' पाहायला जा. तिथे काहीच नाही. वाचणारा खूश होतो: म्हणजे या क्लासला काहीच सक्तीचं नाही! मग आडनावाशिवाय नोंद पाठवतो आणि एरर ६५ खातो.

झालं असं, की आयनेटऑर्गपर्सनला स्वतःचं सक्तीचं ॲट्रिब्यूट खरंच नाही. पण त्याच्या वर 'ऑर्गनायझेशनलपर्सन' आहे, त्याच्या वर 'पर्सन', आणि पर्सनला 'सीएन' (नाव) व 'एसएन' (आडनाव) दोन्ही सक्तीचे. त्याच्याही वर 'टॉप', ज्याला 'ऑब्जेक्टक्लास' हे ॲट्रिब्यूट सक्तीचं. हॅशमध्ये फक्त त्या क्लासच्या व्याख्येत लिहिलेलं तेवढंच दिसतं. वारसा दिसत नाही.

म्हणून हॅशमधली किल्ली वाचू नका. स्कीमा ऑब्जेक्टच्याच 'मस्ट' आणि 'मे' या मेथड वापरा. त्यांना क्लासचं नाव दिलं, किंवा एकदम अनेक क्लासची नावं दिली, की त्या वरच्या सगळ्या पिढ्या चढून ॲट्रिब्यूटांची यादी देतात. एकच पिढी पाहायची असेल तर 'सुपरक्लास' आहे.

क्रम असा ठेवा:

१. नोंदीत लावणार असलेले सगळे क्लास एका यादीत घ्या. उदाहरणार्थ आयनेटऑर्गपर्सन आणि पॉझिक्सअकाउंट.

२. प्रत्येक क्लास स्कीमात आहे का ते पाहा. नसलेल्या नावाला 'मस्ट' काही ओरडत नाही, ते नाव सोडून पुढे जातं. टायपिंगची चूक इथेच लपते.

३. प्रत्येकाचा प्रकार पाहा: स्ट्रक्चरल (नोंदीचा मुख्य प्रकार), ऑक्झिलिअरी (वरून जोडायचा) की ॲबस्ट्रॅक्ट (फक्त वारशासाठी). एका नोंदीत स्ट्रक्चरल क्लासची एकच साखळी चालते. पॉझिक्सअकाउंट हा ऑक्झिलिअरी आहे. तो एकट्याने नोंद उभी करू शकत नाही, आणि हे विसरणारे पुष्कळ.

४. मगच पूर्ण यादी देऊन 'मस्ट' विचारा. वरच्या दोन क्लाससाठी उत्तरात सीएन, एसएन, यूआयडी, यूआयडीनंबर, जीआयडीनंबर, होमडिरेक्टरी आणि ऑब्जेक्टक्लास यायला हवेत.

तपासणी: 'मस्ट'च्या उत्तरात एसएन आलं का? आलं नसेल तर तुम्ही मेथडऐवजी हॅशच वाचताय.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एवढ्यानेही भागत नाही. तिथे 'यूजर' या क्लासला काही ऑक्झिलिअरी क्लास कायमचे जोडलेले आहेत. सॅमअकाउंटनेम हे ॲट्रिब्यूट 'सिक्युरिटीप्रिन्सिपल' या अशाच एका क्लासमधून येतं, यूजरच्या वारसासाखळीतून नाही. ॲग्रिगेट नोंदीत ही जोडणी डिट कंटेंट रूलमध्ये (एखाद्या क्लासच्या नोंदीत आणखी काय चालतं हे सांगणाऱ्या नियमात) लिहिलेली असते. म्हणून ॲक्टिव्ह डिरेक्टरीसाठी तो रूलही वाचा आणि त्यातले ऑक्झिलिअरी क्लास, मस्ट आणि मे आपल्या यादीत मिळवा.

## पायरी ५: ॲट्रिब्यूटची सिंटॅक्स पाहा

आमच्या एका कामात कर्मचाऱ्यांची नावं देवनागरीत भरायची होती. लोकांना स्वतःचं नाव स्वतःच्या लिपीत दिसावं, एवढीच साधी इच्छा. सीएन, एसएन, डिस्प्लेनेम सगळं व्यवस्थित गेलं. मग कोणीतरी तेच नाव 'जेकॉस'मध्येही (युनिक्स खात्याच्या नाव-वर्णनाचं ॲट्रिब्यूट) भरलं आणि प्रत्येक नोंद २१ नंबरच्या एररने परत यायला लागली. अर्धा दिवस आम्ही एन्कोडिंगच्या मागे होतो. यूटीएफ-८ दोनदा होतंय का, फाइलच्या सुरुवातीला काही अदृश्य चिन्ह आहे का, सगळं पाहून झालं. एन्कोडिंगचा काही दोष नव्हता. जेकॉसची सिंटॅक्स (व्हॅल्यूचं ठरलेलं रूप) आयए५ आहे, म्हणजे फक्त आस्की, इंग्रजी अक्षरं-आकडे-चिन्हं. तिथे देवनागरीचं एकही अक्षर चालणार नाही, कितीही नीट एन्कोड केलं तरी. स्कीमाला एक प्रश्न विचारला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

सिंटॅक्स विचारतानाही वारशाची तीच अडचण येते. 'ॲट्रिब्यूट' मेथडने सीएन मागा. आलेल्या हॅशमध्ये सिंटॅक्सची किल्लीच नसते, कारण सीएनची व्याख्या एवढंच म्हणते की हा 'नेम' या ॲट्रिब्यूटचा वारस आहे. सिंटॅक्स नेमकडे. 'ॲट्रिब्यूट सिंटॅक्स' ही मेथड वापरली की ती वर चढून उत्तर आणते.

सिंटॅक्सचे ओआयडी १.३.६.१.४.१.१४६६.११५.१२१.१ या एकाच लांब आकड्याने सुरू होतात. शेवटचा आकडा तेवढा लक्षात ठेवला तरी रोजचं काम भागतं:

- १५: डिरेक्टरी स्ट्रिंग. यूटीएफ-८, देवनागरी खुशाल भरा. सीएन, एसएन, डिस्प्लेनेम, एम्प्लॉयीनंबर इथे.
- २६: आयए५ स्ट्रिंग. फक्त आस्की. मेल, होमडिरेक्टरी, जेकॉस.
- २७: इंटिजर. सुरुवातीचे शून्य चालत नाहीत, आणि '१००१' असे देवनागरी आकडेही नाहीत.
- ५०: टेलिफोन नंबर. ठरावीक आस्की चिन्हंच. एक्सेलमधून आलेल्या मराठी आकड्यांतला फोन नंबर इथे अडकतो.
- ७: बूलियन. ट्रू किंवा फॉल्स, कॅपिटल अक्षरांतच.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या ॲग्रिगेट नोंदीत सिंटॅक्सचा ओआयडी अवतरणचिन्हांत लिहिलेला असतो, जे बाकीचे करत नाहीत. ओआयडीची तुलना करण्याआधी दोन्ही टोकांची अवतरणं काढून टाका.

याच हॅशमध्ये 'मॅक्स लेंग्थ' अशी किल्ली दिसेल, मेलसाठी २५६. नावावर जाऊ नका. आरएफसी ४५१२ (एलडॅपच्या प्रमाण दस्तऐवजांपैकी एक) नुसार तो आकडा म्हणजे सर्व्हरने निदान एवढी लांबी तरी स्वीकारावी अशी सूचना आहे. तुमच्यावरची मर्यादा नव्हे. तो पाहून माझ्या डोळ्यांदेखत लोकांनी चांगला डेटा कापून टाकला आहे, आणि कापलेलं परत आणता येत नाही.

'सिंगल व्हॅल्यू' ही किल्ली मात्र खरी अट आहे. डिस्प्लेनेमला ती आहे, सीएनला नाही. म्हणून इंग्रजी आणि मराठी अशी दोन नावं सीएनमध्ये बसतात, डिस्प्लेनेममध्ये दुसरं नाव भरायला गेलात तर नोंद परत येते.

## पायरी ६: फिल्टर लिहिण्याआधी मॅचिंग रूल बघा

यूआयडीनंबर हजाराच्या वर असलेली खाती शोधायला 'यूआयडीनंबर मोठं-किंवा-समान १०००' असा फिल्टर लिहिला, आणि शून्य नोंदी आल्या. एरर नाही, काही नाही. कारण आरएफसी २३०७ मधल्या यूआयडीनंबरच्या व्याख्येत बरोबरीचा नियम आहे, क्रम ठरवणारा नाही. ऑर्डरिंग (क्रमाचा मॅचिंग रूल) नसलेल्या ॲट्रिब्यूटवर मोठं-लहान विचारलं तर फिल्टरचं उत्तर 'अनिश्चित' येतं, आणि अनिश्चित नोंद निकालात घेतली जात नाही. काही सर्व्हरांनी नंतर ऑर्डरिंग जोडलं आहे, काहींनी नाही. तुमच्याकडे काय आहे ते 'मॅचिंगरूल फॉर ॲट्रिब्यूट' या मेथडने विचारा, तीही वर चढून पाहते. नियम मिळाला नाही तर नोंदी मागवून तुलना पर्लमध्येच करा.

## पायरी ७: पाठवण्याआधीची तपासणी लिहा

आता सगळं एकत्र. प्रत्येक नोंद सर्व्हरकडे जाण्याआधी एका फंक्शनमधून जाऊ द्या.

१. ॲट्रिब्यूटच्या नावातून सेमिकोलनपुढचा भाग काढा. मराठी नावासाठी 'सीएन;लँग-एमआर' असा भाषेचा टॅग लावता येतो (आरएफसी ३८६६, सर्व्हरचा पाठिंबा असेल तर), पण स्कीमात शोधायचं ते फक्त सीएन.

२. नावाचं रूपांतर ओआयडीत करा आणि पुढची सगळी तुलना ओआयडीवर करा. सीएन आणि कॉमननेम एकच, यूआयडी आणि यूजरआयडी एकच, आणि लहान-मोठ्या अक्षरांत एलडॅप फरक करत नाही. पर्लचा हॅश करतो.

३. मस्टमधलं प्रत्येक ॲट्रिब्यूट नोंदीत आहे का, आणि त्याची व्हॅल्यू रिकामी नाही ना? सीएसव्हीतला रिकामा रकाना ही व्हॅल्यू नसते. तो ॲट्रिब्यूटच पाठवू नका.

४. नोंदीतलं प्रत्येक ॲट्रिब्यूट मस्ट किंवा मेमध्ये आहे का? क्लासच्या यादीत 'एक्स्टेन्सिबलऑब्जेक्ट' असेल तर ही पायरी सोडा. तो क्लास कोणतंही ॲट्रिब्यूट चालवून घेतो आणि तसं मेमध्ये लिहीत नाही.

५. सिंगल व्हॅल्यूला एकच व्हॅल्यू आहे का?

६. सिंटॅक्स २६, २७, ५० आणि ७ साठी साधे पॅटर्न तपासा. बाकीच्यांसाठी सर्व्हरवर सोडा. सगळ्या सिंटॅक्स स्वतः पुन्हा लिहायच्या भानगडीत पडलात तर तुमच्याच चुका वाढतील.

फंक्शनने पहिल्या चुकीवर थांबू नये. सगळ्या फाइलमधल्या सगळ्या चुका ओळ क्रमांकासकट एकदम छापाव्यात, म्हणजे डेटा देणाऱ्या माणसाकडे यादी एकदाच जाते.

तपासणी: तयारीत काढून ठेवलेल्या चालणाऱ्या नोंदी यातून घाला. त्यातलीच एखादी नापास झाली तर चूक तुमच्या फंक्शनमध्ये आहे. बहुधा ऑपरेशनल ॲट्रिब्यूट राहिलेले असतात, म्हणजे क्रिएटटाइमस्टॅम्प, एन्ट्रीयूयूआयडी वगैरे. ते कोणत्याच क्लासच्या मस्ट-मेमध्ये नसतात. ॲट्रिब्यूटच्या हॅशमध्ये 'यूसेज' ही किल्ली असेल आणि तिथे यूजरॲप्लिकेशन्सखेरीज काही लिहिलं असेल तर ते तपासणीतून वगळा, आणि सर्व्हरकडे पाठवूही नका.

स्क्रिप्ट रोज चालणार असेल तर दर वेळी पूर्ण स्कीमा ओढू नका. डम्प केलेली फाइल ठेवा आणि सबस्कीमा नोंदीचं 'मॉडिफायटाइमस्टॅम्प' नाव घेऊन मागा. ते बदललेलं दिसलं किंवा सर्व्हरने दिलंच नाही, तर फाइल नव्याने काढा. चाचणी सर्व्हरची आणि खऱ्या सर्व्हरची फाइल वेगवेगळ्या नावांनी ठेवा, नावात होस्टचं नाव घाला.